एक नंबरची खिडकी आणि स्कॉटिश पुस्तकं

माझ्या बोलण्याला लोक हसतात हे मला कुवेतला आल्यावर कळलं, असं नाही. परभणी सोडून पुण्याला शिकायला गेले तेव्हाच ते सुरू झालं होतं. पण पुण्यात निदान तोंडावर हसायचे. इथे मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, तेव्हा एका बाईंनी माझ्या हातात टाइप केलेले चार कागद ठेवले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "एवढंच वाचा हं. मध्ये तुमचं काही घालू नका." मी तेवढंच वाचलं. त्याचा राग मला अजून येतो. त्यांचा नाही, माझा.

घरी मुलीचंही तेच. मी आईशी फोनवर बोलायला लागले की ती आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. एकदा मी विचारलं, तर इंग्रजीत उत्तर आलं, की तिच्या मैत्रिणी ऑनलाइन असतात आणि मी भांडतेय असं त्यांना वाटतं. मी भांडत नव्हते. मी आईला जेवलीस का म्हणून विचारत होते.

तर मी दोन जिभा ठेवायला शिकले. घरची एक, बाहेरची एक. बाहेरची जीभ मी इतकी घासूनपुसून ठेवली की शहरातल्या शर्क भागातल्या आमच्या कंपनीत शुद्ध हिंदीत काही लिहायचं असलं, की माझं नाव पुढे यायचं. साहेब मूळचे पुण्याचे. ते म्हणायचे, "मॅडम, तुमचं ड्राफ्टिंग म्हणजे एकदम सरकारी." मला ते कौतुक वाटायचं.

आमच्या कंपनीला एका वस्तीतल्या सेवा केंद्राच्या सुधारणेचं काम मिळालं होतं. लोक तिथे पत्ता नोंदवायला, कागद बदलून घ्यायला, शिक्के मारून घ्यायला येत. पाच खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीपुढे दारापर्यंत रांग. सुधारणा अशी, की पाच खिडक्यांच्या जागी बोलणारी यंत्रं ठेवायची. यंत्र अरबी बोलणार, इंग्रजी बोलणार, आणि भारतातल्या लोकांशी हिंदी बोलणार. हिंदी मजकूर माझा. तो लोकांना कळतो की नाही हे तपासायचं कामही माझंच. चार खिडक्या आधी बंद करायच्या, आणि चाचणी यशस्वी झाली की शेवटची एक नंबरची. मला ही योजना मनापासून पटली होती. रांगेत उभं राहून माझेही पाय दुखलेले होते.

या कामावर सल्लागार म्हणून स्कॉटलंडहून एक बाई आली. वय साठीच्या पुढचं, पांढरे केस पोरासारखे कापलेले, आणि इंग्रजी असं की पहिले पंधरा दिवस मला वाटायचं ही दुसरीच कुठली भाषा बोलते. तिकडे डोंगराळ भागातल्या नगरपालिकेची ग्रंथालयं तिने वर्षानुवर्षं चालवली होती, मग अशा सुधारणांचं काम शिकून सल्लागार झाली. मीटिंगमध्ये लंडनकडचा एक जण तिला मुद्दाम "पुन्हा सांगता का?" म्हणायचा. ती पुन्हा सांगायची, शब्दाशब्दाला तेच, त्याच उच्चारात, फक्त जरा मोठ्याने. मी कोपऱ्यात बसून बघायचे. मला तसं कधी सुचलं नव्हतं.

तिच्या घरी दर शनिवारी दुपारी वाचन असायचं. आम्ही चार-पाच बाया. पुस्तकं सगळी स्कॉटलंडची. एकात दर्यावर गेलेल्या माणसांची वाट बघणारं गाव, एकात शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून छड्या खाणारी पोरं, एकात आख्खं खोरं रिकामं करून तिथे मेंढ्या सोडलेल्या, कारण जमीनदाराच्या हिशेबी माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या. बाईचा नियम एकच होता. आधी मोठ्याने वाचायचं, मतं नंतर. आणि ज्याने त्याने आपल्या तोंडाने वाचायचं, टीव्हीच्या नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी अडले. निवेदन इंग्रजीत होतं, ते जमलं. पण मध्येच एक म्हातारी नातवाला झापत होती, आणि तिचं बोलणं खास तिकडचं. शब्द ओळखीचे वाटत आणि हातात येत नसत. मी म्हणाले, हे मला नाही येत. बाई म्हणाली, "तुझी आई त्याला कशी झापेल? तसं वाच."

मी म्हणाले, "मुडद्या, डोस्कं फिरलंय का तुजं? कामून हिंडायलास उन्हातान्हाचं?"

खोलीत कुणालाच मराठी येत नव्हतं. बाई मात्र नेमक्या जागी खो खो हसली, आणि म्हणाली, हो, हीच ती म्हातारी. तिथे ऊन नसतं एवढाच फरक.

त्यानंतर माझी आणि तिची गट्टी जमली. ती सकाळी ओट्सची पेज खायची, मीठ घालून. साखर घालणाऱ्यांना ती माणसात धरत नसे. मी तिला आमच्या ज्वारीच्या कण्या करून नेल्या, त्याही तिने मीठ घालून चाटूनपुसून खाल्ल्या. एक जानेवारीला तिने मला मुद्दाम बोलावलं. त्यांच्याकडे नव्या वर्षात उंबरा पहिल्यांदा ओलांडणारा माणूस काळ्या केसांचा हवा आणि त्याच्या हातात कोळसा हवा, म्हणजे घरात वर्षभर ऊब राहते. हे करायचं मध्यरात्री, पण ती म्हणाली, मध्यरात्री मी झोपलेली असते, तू जेवायच्या वेळेला ये. मी जमियातून, म्हणजे आमच्या वस्तीच्या सहकारी दुकानातून, शेगडीच्या कोळशाची पिशवी घेतली आणि तिच्या दारात उभी राहिले. आमच्याकडे सणाच्या दिवशी कोळसा घेऊन दारात आले असते तर सासूने मला तिथूनच परत लावलं असतं. बाईने मिठी मारली.

मार्चमध्ये यंत्राची चाचणी सुरू झाली.

मी यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसायचे, हातात तक्ता. ज्याचं काम झालं त्याच्यापुढे बरोबरची खूण. ज्याने मदत मागितली त्याच्यापुढे "वापरकर्त्याला प्रशिक्षण हवे". जो मध्येच निघून गेला तो "अपूर्ण", आणि अपूर्ण माणसं निकालात धरायची नाहीत. हे तक्ते मीच आखले होते. आखताना त्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं, हे आधी सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे चाचा आले. शुवैखमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात आयुष्य गेलेलं. बोलण्यावरून रत्नागिरीकडचे, हे पहिल्या शब्दाला कळलं. यंत्र माझ्या शब्दांत त्यांच्याशी बोललं: "कृपया अपने आवासीय पते में परिवर्तन का कारण चयनित करें." चाचांनी यंत्राला सलाम केला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाय, काय म्हनते ही?"

"चाचा, पत्ता का बदलला ते विचारतंय. खाली चार कारणं आहेत, त्यातलं एक दाबा."

मी वाचून दाखवली. भाडेकरार संपला. कंपनीने जागा बदलली. कुटुंबाकडे राहायला गेलो. मालक बदलला. ही चार कारणंही माझीच, एसीत बसून, कॉफी पीत काढलेली.

चाचांनी चारही कारणं बोटांवर मोजली. मग म्हणाले, "बाय, मी घर नाय बदललं. बिल्डिंगच पाडलानी. मंग ह्यातला कंचा दाबू?"

त्यांनी शेवटी पहिलं दाबलं. यंत्राने करार संपल्याचा कागद मागितला. तो कुठून येणार? मालकाने बिल्डिंग पाडायला दिली आणि फोन बंद केला. यंत्राने प्रक्रिया रद्द केली, आणि माझ्याच गोड हिंदीत धन्यवाद दिले. पत्ता नोंदला नाही तर सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, नाही, आयडी नाही तर दवाखान्यात साखरेच्या गोळ्या नाहीत, बँक नाही, काही नाही. चाचांच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं. ते त्यांनी मला काढून दाखवलं, मी डॉक्टर असल्यासारखं.

माझं काम खूण करून गप्प बसायचं होतं. मी उठले आणि त्यांना एक नंबरच्या खिडकीवर घेऊन गेले.

खिडकीत एक पोक्त कुवेती गृहस्थ बसायचे. त्यांनी चाचांचं ऐकून घेतलं. अर्धं अरबी, अर्धं हिंदी, बाकी हातवारे. मग विचारलं, "बेकरीच्या मागची ती पिवळी बिल्डिंग? ती तर गेल्या महिन्यात पाडली." त्यांना माहीत होतं, कारण त्यांचा रोजचा खुबूस, म्हणजे रोटी, त्याच बेकरीतला. त्यांनी कुठेतरी फोन लावला, आवाज चढवला, हसले, आणि चाचांना सांगितलं, नव्या बिल्डिंगच्या हारिसकडून, म्हणजे राखणदाराकडून, राहत असल्याची चिठ्ठी आण, बाकी मी बघतो. चाचा दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आले आणि काम झालं.

मी तक्त्याकडे पाहिलं. चाचांच्या नावापुढे मला लिहायचं होतं: वापरकर्त्याला प्रशिक्षण हवे.

कसलं प्रशिक्षण? पाडलेल्या बिल्डिंगीत राहण्याचं? पुढचे दहा दिवस मी डोळे उघडे ठेवून बसले तेव्हा दिसत गेलं. वफ्राच्या शेतावरून आलेली माणसं "चयनित" ऐकून एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. मंडळातल्या बाईंनी माझ्या हातात कागद ठेवला होता, तसाच मी यांच्या हातात ठेवला होता. एवढंच वाचा, मध्ये तुमचं काही घालू नका. जिला आयुष्यभर बोलण्यावरून गप्प केलं, तिनेच हाती सत्ता आल्यावर असली भाषा लिहावी! अशी चूक आमच्यासारखी माणसंच करतात. ज्यांना भाषेची लाज वाटली नाही, ते साधं लिहितात.

महिनाअखेर अहवाल तयार झाला. चाचणी यशस्वी, एक नंबरची खिडकी बंद करायला हरकत नाही. खाली दोन सह्या हव्या होत्या, बाईची सल्लागार म्हणून आणि माझी तपासनीस म्हणून. मला खात्री होती की बाई तो कागद फाडेल. खोरी रिकामी करणाऱ्यांच्या नावाने शनिवारी जिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ती काय सही करणार!

ती म्हणाली, "सही कर."

मला वाटलं, तिचं बोलणं मला परत कळेनासं झालं.

तिने दार लावलं आणि मला समजावलं. तुझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, या नोकरीवर आहे. तुझ्या नवऱ्याची नोकरी आत्ताच गेलीय. मुलगी बारावीत आहे. खिडकी आज नाही तर वर्षाने बंद होणारच, मग तू कशाला मध्ये चिरडून घेतेस? सगळं खरं होतं. आम्ही तिघंही माझ्याच इकाम्यावर होतो. मग ती हळू आवाजात म्हणाली, तिने तिकडेही अशी सही केली होती. डोंगरातल्या वाड्यांवर पुस्तकं घेऊन जाणारी एक मोटार होती, ती तिच्या सहीने बंद झाली. शेवटच्या फेरीला ती स्वतः गेली. एका म्हातारीने पुस्तकं परत दिली, तिला आत बोलावून चहा पाजला, आणि एक अक्षर बोलली नाही. "तो चहा अजून माझ्या घशात आहे," बाई म्हणाली. "पण घर चालतं माझं. तू सही कर."

मी चिडले. "मग ती पुस्तकं आम्हाला कशाला वाचायला लावलीत?" मी म्हणाले. "दुसऱ्याच्या खोऱ्यासाठी रडायला?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी मराठीत म्हणाले, आणि त्याचा अर्थ तिला सांगितला नाही. तिला तो कळला असावा.

मीटिंग आमच्याच ऑफिसात होती, वरच्या मजल्यावर, खाली समुद्र आणि मासळीबाजाराचं छप्पर. साहेब, केंद्राकडचे दोन अधिकारी, बाई आणि मी. कागद फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यावर बाईची सही होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

मी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, मी सही करणार नाही. मग चाचांचं वाक्य त्यांच्याच बोलीत म्हटलं, बिल्डिंगच पाडलानी, मंग ह्यातला कंचा दाबू. अधिकाऱ्यांना एक शब्द कळला नाही. मी इंग्रजीत सांगितलं, की या माणसाला आम्ही "प्रशिक्षण हवे", म्हणजे अडाणी, या रकान्यात टाकलं. तो अडाणी नाही. अडाणी मी आहे. मला चारच कारणं सुचली. माणसाच्या आयुष्यात पाचवं कारण असतं, आणि पाचव्या कारणासाठी खिडकी लागते. जे निघून गेले त्यांना आम्ही मोजलंच नाही आणि निकाल यशस्वी म्हटलं.

साहेब मराठीत पुटपुटले, "मॅडम, भावनेच्या भरात काही करू नका."

"भावनेच्या भरातच करतेय," मी म्हणाले. "तक्ते आखताना ती नव्हती, म्हणून तर हे झालं."

दोन सह्यांशिवाय अहवाल पुढे जाईना. एक नंबरची खिडकी "तात्पुरती" उघडी राहिली. आणि मला कामावरून काढलं नाही, पण शुवैखच्या गोदामात पाठवलं, पेट्यांवरची लेबलं तपासायला. तिथे पंखा होता, खिडकी नव्हती. नवरा रोज संध्याकाळी माझा डबा घासून ठेवायचा. याबद्दल मी त्याचे आजही आभार मानते. मुलीने मात्र विचारलं, की मी त्या मीटिंगमध्ये खरंच सगळ्यांसमोर कोकणीत बोलले का. हो म्हटलं. त्या रात्री मी आईशी फोनवर बोलले तेव्हा तिने दार लावलं नाही, आणि तेवढं मला पुरे होतं.

दोन शनिवार मी बाईकडे गेले नाही. तिसऱ्या शनिवारी गेले. राग गेला नव्हता, पण पुस्तक अर्धं राहिलं होतं. तिने दार उघडलं, आणि मी माझं पान वाचलं. उन्हाळ्यात ती कायमची परत गेली. मला तिचा राग आजही येतो, आणि तिची आठवणही येते. एकाच वेळी.

गोदामात पाच महिने झाल्यावर साहेबांचा फोन आला. यंत्रांपुढे आता खिडकीपेक्षा मोठी रांग लागत होती, कारण यंत्र काय म्हणतं तेच कुणाला कळत नव्हतं. हिंदी मजकूर पुन्हा लिहून हवा होता, सोपा, आणि त्यावरूनच पुढे अरबी, उर्दू, बंगाली, मल्याळम, सगळं करून घेणार होते. मी म्हणाले, लिहिते. पण मजकुराची जबाबदारी माझ्या नावावर ठेवा, आणि माझ्या सहीशिवाय त्यातली एक ओळही बदलायची नाही, असं कागदावर द्या. घाई इतकी होती की त्यांनी दिलं.

मी लिहिलं. आमच्या आळीतल्या बायका ज्या हिंदीत भाजीवाल्याशी बोलतात, त्या हिंदीत. कारणांच्या यादीत पाचवं घातलं: बिल्डिंग गिरा दी. सहावं घातलं: कुछ और. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी, मोठ्या अक्षरात, आवाजासकट, एक ओळ घातली: "मशीन से काम न हो तो खिड़की नंबर एक पर जाइए. वहाँ आदमी बैठा है." अनुवाद करणाऱ्यांनी समोर आलं ते इमानेइतबारे आपापल्या भाषेत नेलं. कुणी थांबवलं नाही. सुधारणेचाच मजकूर होता तो. आता ते यंत्र दिवसभर आठ भाषांत लोकांना एक नंबरच्या खिडकीवर पाठवतं.

गेल्या आठवड्यात साहेबांचा पुन्हा फोन आला. खिडकी बंद करायचा विचार परत वर आला होता, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की आधी ती ओळ काढावी लागेल.

"मॅडम, एकच ओळ आहे," साहेब म्हणाले. "त्याला तुमची सही लागते ना?"

इतक्या वर्षांत मी साहेबांशी माझ्या घरच्या जिभेने कधी बोलले नव्हते.

"लागती की," मी म्हणाले. "पर मी करणार न्हाई."